घरच्या मिग वेल्डिंगला गॅस कोणता भरावा? सातारा-सांगलीकडच्या जाणकारांनी जरूर लिहा

संगम_माहुली

नमस्कार मंडळी,

दिवाळीत घरी सिंगल फेजवर चालणारं २०० अँपिअरचं मिग मशीन (तार आपोआप पुढे सरकते, वेल्डला गॅस झाकतो) घेतलं. गाव साताऱ्याच्या पूर्वेला, माहुलीजवळ. कामं सगळी घरचीच: गोठ्याचं दार, गव्हाणीची चौकट, पाण्याच्या टाकीचा स्टँड, ट्रॉलीचं फाळकं. रॉडचं मशीन वडिलांच्या वेळेपासून घरात आहे, त्यामुळे वेल्डिंग नवीन नाही. गॅस मात्र पहिल्यांदाच वापरतोय.

मशीन घेतलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "आर्गन घ्या, सगळ्यात भारी, कशालाही चालतो." १० लिटरची टाकी घेतली, शुद्ध आर्गन. तार ०.८ मिमीची, साधी तांब्याच्या मुलाम्याची. छर्रे फारसे उडत नाहीत आणि वेल्ड चकचकीत दिसतो, म्हणून मी खूश होतो. फक्त वेल्डचा पट्टा उंच यायचा, लोखंडावर दोरी ठेवल्यासारखा. म्हटलं, हात बसला की होईल नीट.

परवा म्हशीनं दाराला अंग घासलं आणि वरची बिजागरी पट्टीसकट हातात आली. वेल्ड मोडला नव्हता, अख्खा सोलून निघाला होता. खाली चौकटीच्या पाइपवर मी वेल्डिंगच्या आधी मारलेल्या ग्राइंडरच्या रेघा जशाच्या तशा दिसत होत्या. तो पाइप हातात घेऊन मी बराच वेळ बसून होतो. अशाच वेल्डवर दोन हजार लिटरच्या टाकीचा स्टँड उभा आहे. टाकी आजच रिकामी केली.

आता कोणी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) म्हणतो, कोणी मिक्स (आर्गन आणि सीओटूचं मिश्रण), कोणी बिनगॅसची तार. साध्या लोखंडाला, घरच्या मशीनवर, नेमकं काय भरावं? आणि आधीचे वेल्ड ठेवू की कापू?

---

जुना_फिटर

कापा. विचारही करू नका. टाकी रिकामी केलीत हे फार चांगलं केलंत.

ग्राइंडरच्या रेघा शाबूत आहेत म्हणजे खालचं लोखंड वितळलंच नाही. वर तार वितळून बसली, एवढंच. बाहेरून ते कळत नाही.

माझी तीस वर्षं कुपवाड एमआयडीसीत गेली. तुमचा घोळ कुठे झाला ते सांगतो. आपल्याकडे मिगला कोणी मिग म्हणत नाही. "सीओटू मारून आण" म्हणतात. आणि "आर्गन मारून आण" म्हटलं की टिग, म्हणजे टंगस्टनची सुई आणि हातात वेगळा फिलर. गॅसच्या नावानंच वेल्डिंगला नाव पडलंय. टिगच्या गिऱ्हाइकाला आर्गन देऊन देऊन दुकानदाराच्या डोक्यात आर्गन म्हणजे भारी, असं बसलेलं असतं. टिगला तो भारी आहेच, तिथे सीओटू चालत नाही. पण मिगवर साध्या लोखंडाला शुद्ध आर्गन नको.

तुमच्या कामाला सीओटू. नुसता, शुद्ध सीओटू. कुपवाडच्या निम्म्या शेडमध्ये तोच आहे.

---

भडंग

म्हैस बरी आहे ना?

---

संगम_माहुली

@भडंग, म्हैस ठणठणीत आहे, दार बाजूला पडलं तेव्हा ती आधीच पलीकडे वैरण खात होती.

@जुना_फिटर काका, मनापासून आभार. स्टँड उद्याच कापायला घेतो. पण शुद्ध आर्गन लोखंडाला का चालत नाही ते कोणी सांगेल का? आर्गन महाग, सीओटू स्वस्त, मग स्वस्ताचं जास्त आत कसं जातं?

---

कोयना_शॉप

कराडला आमचं फॅब्रिकेशनचं छोटं शॉप आहे, मी आणि मिस्टर दोघं बघतो. मशीनवर मीही असते, म्हणून लिहिते.

आर्गन हा ग्रीक शब्द आहे, अर्थ आळशी. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसे यांना हा वायू सापडला. तो कशाशीच संयोग करेना, म्हणून हे नाव. वेल्डिंगला हा आळशीपणा उपयोगाचा असतो, कारण वितळलेल्या धातूला तो हवेपासून झाकतो आणि स्वतः काही करत नाही. पण लोखंडावर मिग मारताना त्याच स्वभावाची अडचण होते. आर्क, म्हणजे तारेच्या टोकाची विजेची ज्योत, एका जागी स्थिर राहत नाही, कडेला पसरत नाही, आणि वितळलेलं लोखंड दोन्ही बाजूंना नीट भिजत नाही. मग पट्टा उंच आणि अरुंद येतो, कडेला अंडरकट, म्हणजे खाच, पडते. दादा, तुमची "दोरी" ती हीच.

सीओटू आर्कच्या उष्णतेत फुटतो, कार्बन मोनॉक्साइड आणि ऑक्सिजन वेगळे होतात. पट्ट्याजवळ येऊन ते पुन्हा जुळतात आणि तिथे उष्णता सोडतात, म्हणून पेनिट्रेशन, म्हणजे वेल्डचं लोखंडात उतरणं, खोल आणि रुंद मिळतं. सुटलेला ऑक्सिजन लोखंड खराब करेल असं वाटेल. त्यासाठी तारेतच मँगनीज आणि सिलिकॉन घातलेलं असतं. तुमच्या रिळावर ईआर ७० एस-६ लिहिलेलं असेल, ती तार त्याचसाठी आहे. सीओटूवर मारल्यावर पट्ट्यावर तपकिरी काचेसारखे बारीक ठिपके दिसतात, नखानं उडतात. सिलिकॉननं ऑक्सिजन धरल्याची ती खूण. नवीन माणूस घाबरतो, पण तो दोष नाही. पुढचा थर मारायचा असेल किंवा रंग द्यायचा असेल तर ब्रशनं काढून टाका, तेवढं पुरे.

आणि स्वस्त-महागाचं म्हणाल तर हवेत आर्गन जेमतेम ०.९३ टक्के. हवा थंड करून तिचं लिक्विड करायचं आणि एकेक वायू उकळून वेगळा काढायचा. आर्गन उणे १८६ अंशांना उकळतो आणि ऑक्सिजन उणे १८३ ला. तीन अंशांच्या फटीतून तो ओढून काढावा लागतो, किंमत त्या कष्टाची आहे. सीओटू तर मळी आंबवून अल्कोहोल करतानाही निघतो, तो धरून स्वच्छ करून भरतात. उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना हे सांगायला नको.

---

ऊसवाला_वाळवा

आवो पाव्हणं, मी म्हणतो रॉड का सोडला? ट्रॉलीचा हूक, नांगराचा फाळ, पाचटाची कुट्टी, समदं मी रॉडवर जोडतो. गॅस न्हाई, टाकी न्हाई, डिपॉझिट न्हाई. रॉडवरचं औषध जळतं तोच त्याचा गॅस. शेतात वारं असलं तरी चालतं. वाईच गंज असला तरी ६०१३ रॉड वडून नेतो.

---

जुना_फिटर

वाळवेकर, तुमचं खरं आहे. ५ मिमीच्या वरच्या, उघड्यावरच्या कामाला मीही आज रॉडच घेईन. पण दीड मिमीच्या चौकोनी पाइपला रॉड मारून बघा, दहातल्या चार ठिकाणी भोक. तिथे बारीक तारेचं मिग पाहिजे. यांच्या गोठ्याच्या दाराला तेच लागणार.

---

मिक्सवाला_पोरगा

फिटर काकांचा मान राखून बोलतो, पण घरच्या माणसाला नुसता सीओटू देऊ नका. मिक्स घ्या, ८० टक्के आर्गन आणि २० टक्के सीओटू.

मी मिरजेत गेट आणि ग्रिल करतो. चार वर्षं सीओटूवर काढली. गेटचं वेल्डिंग एक तास आणि छर्रे काढायला दीड तास. चौकोनी पाइपवर चिकटलेला प्रत्येक छर्रा छिन्नीनं उडवा, मग ग्राइंडर मारा, तरी रंग दिल्यावर बोटाला खडबडीत लागतं. मिक्सवर आलो आणि छिन्नी कपाटात गेली. आर्क शांत चालतो, आवाज कांदाभजी तळल्यासारखा एकसारखा. सीओटूचा आवाज तडतड असतो. शिकणाऱ्याला मिक्सवर हात लवकर बसतो, पातळ पत्राही जळत नाही.

गॅसचा खर्च जास्त हे मान्य. पण छिन्नी मारणाऱ्या हाताचा खर्च कोण धरतं?

---

जुना_फिटर

पोरा, छर्रे सीओटूमुळे असतातच, पण निम्मे चुकीच्या व्होल्टेजमुळे असतात. मिक्सवर चालणारा व्होल्ट सीओटूवर पुरत नाही, एक-दोन व्होल्ट वर घ्यावा लागतो. ते कोणी सांगत नाही आणि माणूस गॅसला नावं ठेवतो. नोझलला आणि जॉबला अँटीस्पॅटर (छर्रे चिकटू न देणारं औषध) मारलं तर उरलेलेही हातानं निघतात.

---

मिक्सवाला_पोरगा

काका, व्होल्ट वाढवून बघितलाय. कमी होतात, जात नाहीत.

---

कोयना_शॉप

दोघांचंही खरं आहे. आमच्या शॉपमध्ये ट्रॉलीच्या चेसिसला सीओटू आणि गेट-ग्रिलला मिक्स, अशा दोन टाक्या शेजारी शेजारी असतात. घरी एकच ठेवायची असेल तर मी वेगळा प्रश्न विचारीन: तुमच्या जवळ काय भरून मिळतं? साताऱ्यात किंवा कोरेगावला मिक्सची टाकी लगेच बदलून मिळत नसेल आणि दर वेळी चार दिवस थांबायचं असेल, तर उत्तम गॅस घेऊनही काम अडलेलंच राहणार.

---

बागायतदार_तासगाव

आमची द्राक्षबाग आहे. मांडवाचे अँगल वाऱ्यानं आणि घडांच्या ओझ्यानं मोडतात, ते बागेतच जोडावे लागतात. घरून टाकी बागेत नेणं मला जमत नाही, म्हणून मी बिनगॅसची तार आणली. तारेच्या पोटात पावडर असते, तीच जळून गॅस देते.

पहिल्या दिवशी इतके छर्रे उडाले आणि इतकी भोकं पडली की तार परत करायला निघालो होतो. मग मशीनचं झाकण उघडून आतला तक्ता वाचला. साध्या तारेला टॉर्च (हातात धरायची वेल्डिंगची गन) पॉझिटिव्हला असतो, बिनगॅसच्या तारेला निगेटिव्हला घ्यावा लागतो. आतली दोन टोकं बदलली आणि त्याच तारेनं त्याच दिवशी सरळ पट्टा आला. रिळाच्या खोक्यावर हे लिहिलेलं असतं, मी वाचलं नव्हतं. धूर खूप येतो आणि वरचा मळ काढावा लागतो, पण उघड्यावर तिला तोड नाही.

एक वेगळा प्रश्न. घरचा दुधाचा स्टीलचा कॅन तळाशी चिरलाय. तो कशानं जोडता येईल?

---

पठारावरून

उघड्यावरचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी चाळकेवाडीच्या पठारावर राहतो. पवनचक्क्या इथे उगाच नाही उभ्या. माझ्याकडे सीओटू आहे आणि पहिले सहा महिने माझा प्रत्येक वेल्ड इडलीसारखा भोकाभोकांचा होता. तार बदलली, गेज बदललं, टाकी बदलली. शेवटी वैतागून एकदा खोलीत दार लावून मारला तर एकही भोक नाही.

ताशी आठेक किलोमीटरचा वारा, म्हणजे झाडाची पानं सळसळतील एवढा, टॉर्चच्या गॅसचं पांघरूण उडवायला पुरतो. माझी दुसरी चूक अशी की भोकं पडतात म्हणून मी गॅस वाढवत गेलो, पार २५ लिटरपर्यंत. त्यानं आणखी बिघडलं. गॅस जोरात सुटला की नोझलच्या तोंडाशी भोवरे होतात आणि बाहेरची हवा आत ओढली जाते. आता ०.८ च्या तारेला मिनिटाला १० लिटर ठेवतो, टिपेपासून जॉब बोटाच्या पेरापेक्षा लांब जाऊ देत नाही, आणि वाऱ्याच्या बाजूला प्लायचा तुकडा उभा करतो. पंखाही बंद. उन्हाळ्यात आमच्या घरचे पंखा लावायचे प्रेमानं आणि वेल्ड जायचा.

---

हळदीचं_पेव

हे सगळं वाचून एक विचारू का? माझ्याकडे आग विझवायचा साडेचार किलोचा जुना सीओटूचा सिलिंडर पडून आहे. तो लावला तर चालेल ना? गॅस तर तोच.

---

मिक्सवाला_पोरगा

अजिबात नको! हे मी केलंय, म्हणून कळकळीनं सांगतो.

आग विझवायच्या सिलिंडरच्या आत तळापर्यंत नळी असते, कारण तिथे बाहेर लिक्विड सीओटू फेकायचा असतो. वेल्डिंगच्या टाकीत वरचा वायू घ्यायचा असतो. मी जोडणी करून व्हॉल्व्ह उघडला आणि लिक्विड थेट रेग्युलेटरमध्ये आलं. दोन श्वास घेईपर्यंत रेग्युलेटर पांढराफट्ट, मग फाट्कन आवाज आणि आतला पडदा फाटला. काच उडाली. मी बाजूला उभा होतो म्हणून डोळा वाचला. तेव्हापासून कुठलाही व्हॉल्व्ह उघडताना गेजच्या समोर उभा राहत नाही. आणि घरातला आग विझवायचा सिलिंडर भरलेलाच असू द्या.

---

जुना_फिटर

याच कारणानं सीओटूची टाकी आडवी ठेवूनही वापरायची नाही. उभी, आणि भिंतीला साखळीनं बांधलेली.

अजून एक. टाकीच्या खांद्यावर चाचणीची तारीख ठोकलेली असते, ती बघून घ्या. हायड्रो टेस्टची मुदत उलटलेली टाकी भरून घेऊ नका, भरणाऱ्यानंही भरू नये. आर्गनची टाकी निळी असते, पण नुसत्या रंगावर जाऊ नका, रंग कोणीही देतो. चिठ्ठी वाचा. दुसऱ्या गॅसचं रेग्युलेटर बसत नसेल तर लेथवर सांधा करून बसवू नका. आटे वेगळे ठेवलेत ते चुकीचा गॅस लागू नये म्हणूनच.

---

संगम_माहुली

स्टँड कापला. सोळा वेल्ड होते, अकरा तसेच सोलून निघाले, खाली रेघा दिसत होत्या. पाच बरे होते. ते सगळे मी मशीन फुल ठेवून मारलेले, शेवटच्या दिवशी.

सीओटूची टाकी बघून आलो. दोन शंका आहेत. गेजवर किती गॅस उरला ते कळतं का? आणि तो दुकानदार म्हणाला हीटर घ्यावा लागेल, ते खरं की माल खपवायला?

---

कोयना_शॉप

हीटर खरा आहे. सीओटू टाकीत लिक्विड असतो. त्याचा वायू होताना तो भोवतीची उष्णता ओढतो आणि रेग्युलेटर गारठतो. पाच-दहा मिनिटं सलग मारलं की बाहेर दव, मग बर्फ, आणि आत बारीक भोकात बर्फ अडकून गॅस तुटक येतो. वेल्ड अर्ध्यावर अचानक काळा आणि भोकाभोकांचा झाला तर आधी रेग्युलेटरला हात लावून बघा. दोन-चार टॅक (छोटे टाके) मारून थांबणाऱ्याला हीटरशिवाय चालून जातं. गेट, स्टँड करणाऱ्याला घ्यावाच लागतो. बर्फ धरला म्हणून त्यावर गॅसकटरची ज्योत फिरवू नका, असं करणारे मी पाहिलेत. कोमट पाण्याचं फडकं लावा.

गेजचं म्हणाल तर आर्गन आणि मिक्स टाकीत वायूच्याच रूपात असतात, १५० बारला भरलेले. काटा निम्म्यावर आला की गॅस निम्मा. सीओटूचा काटा तसा वागत नाही. २० अंशांना टाकी भरलेली असो की तळाला वाटीभर लिक्विड असो, काटा ५७ बारलाच राहतो. लिक्विड संपलं की झपाट्यानं खाली येतो आणि मग थोडंच काम उरतं. सांगलीच्या मे महिन्यात तर ३१ अंशांच्या वर सीओटूचं लिक्विड राहतच नाही, दाब आणखी चढतो. म्हणून टाकी सावलीत हवी आणि किती उरला ते वजन काट्यावर बघायचं. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावर ठोकलेलं असतं.

हिशेबच हवा असेल तर असा: एक किलो सीओटूचा साधारण ५४० लिटर वायू होतो. ३० किलोच्या टाकीत सोळा हजार लिटर. मिनिटाला १० लिटरनं सव्वीस-सत्तावीस तास सलग आर्क. तेवढ्याच आकाराच्या आर्गनच्या टाकीत ७ घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर. तुमच्या १० लिटरच्या टाकीत तर दीड हजार, अडीच तासांत संपणार. घरच्या माणसाचा आर्क दिवसाला अर्धा तास चालला तरी खूप, त्यामुळे सीओटूची मोठी टाकी रोज मारलं तरी पन्नासेक दिवस पुरते. रात्री टाकीचा व्हॉल्व्ह मात्र बंद करायचा. जोडाला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. मशीनच्या आतली झडप जरा गळत असली तर सकाळपर्यंत बराच गॅस जातो.

---

ऊसवाला_वाळवा

ताई, लई चांगलं समजावलंत. माझ्या पोराला दाखवलं.

---

घाटावरची_नर्स

मी वेल्डिंग करत नाही, माझा भाऊ करतो. पण गॅसचा विषय आहे म्हणून तीन गोष्टी सांगते, कृपा करून वाचा.

आर्गन आणि सीओटू दोन्ही हवेपेक्षा जड आहेत, खोलगट जागेत साठतात. पाण्याची टाकी, विहिरीचा हौद, तळघर अशा ठिकाणी आत उतरून गॅसचं वेल्डिंग करू नका. आर्गनला वास नाही, गुदमरतोय हे कळायच्या आत माणूस कोसळतो. आणि त्याला काढायला दुसरा तसाच आत उतरला तर तोही पडतो. सीओटूवर तर थोडा कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. वारा वेल्डला नको हे खरं, पण दार-खिडकी पूर्ण बंद करून तासन्‌तास मारू नका. पठारावरच्या दादांनी खोलीत दार लावून मारलं ते वाचून मला काळजी वाटली.

जीआय पाइपला वेल्डिंग करताना पांढरा धूर निघतो, तो जस्ताचा. संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो, अंग मोडून येतं. लोक म्हणतात दूध प्या. दुधानं काही होत नाही. जोडाच्या दोन्ही बाजूंचं जस्त ग्राइंडरनं काढा, धुराच्या वर तोंड नेऊ नका.

मशीनचा पार्ट ब्रेक क्लीनरनं पुसला असेल तर तो क्लोरीनवाला आहे का ते बघा. आर्कच्या उष्णतेत आणि उजेडात त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होऊ शकतो. तसल्या क्लीनरनं पुसलेल्या तुकड्यावर वेल्डिंग नकोच, साबणाच्या पाण्यानं धुवा आणि पूर्ण वाळवा.

---

पठारावरून

ताई, तेव्हापासून वरची खिडकी उघडी ठेवतो आणि प्लाय जॉबजवळ लावतो. लक्षात आणून दिलंत, आभारी आहे.

---

भडंग

डोळ्यांचंही सांगा कोणीतरी. आमचा धाकटा शेजारी उभा राहून नुसतं बघत होता, रात्री डोळ्यात वाळू गेल्यासारखं होऊन रडत बसला. आजीनं बटाट्याच्या चकत्या ठेवल्या.

---

घाटावरची_नर्स

चकतीचा गारवा बरा वाटतो, पण कापलेला बटाटा डोळ्यावर नको. स्वच्छ गार पाण्याची घडी ठेवा, चोळू देऊ नका, आणि डॉक्टरांना दाखवा. बघणाऱ्यालाही काच लागते. लहान मुलांना तिथे उभंच करू नका.

---

जुना_फिटर

तासगावच्या भावाचा प्रश्न राहिला. दुधाचा कॅन म्हणजे पातळ ३०४ स्टील. त्याला टिग, आणि शुद्ध आर्गन. तिथे सीओटूचा थेंबही चालत नाही, टंगस्टनची सुई जळून जाईल. फिलर ३०८ एल. आतल्या बाजूनंही आर्गन द्यायचा, नाहीतर आतून वेल्ड काळा, साखर धरल्यासारखा खरखरीत होतो आणि त्यात दूध अडकून नासतं. ॲल्युमिनियमचा कॅन असता तर साध्या डीसी मशीनवर झाला नसता. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड दोन हजार अंशांच्या वर वितळतो आणि खालचा धातू ६६० लाच. तो थर फोडायला एसी टिग लागतो.

---

संगम_माहुली

मंडळी, पंधरा दिवसांनी परत आलो, करून बघितलेलं सांगायला.

सीओटूची ३० किलोची टाकी हीटरसह आणली. मिक्स एका ओळखीच्या शेडवर जाऊन त्यांच्याच टाकीवर मारून बघितला. ५ मिमीच्या पट्टीचे तीन टी जोड केले, एकाच बाजूनं वेल्ड, तार तीच, हात तोच. एक आर्गनवर, एक मिक्सवर, एक सीओटूवर. सीओटूला दीड व्होल्ट वाढवला, काकांनी सांगितल्याप्रमाणे. मग व्हाइसमध्ये धरून उभी पट्टी वेल्डच्या बाजूला हातोड्यानं पाडली.

आर्गनचा तिसऱ्या ठोक्याला सुटला. खाली त्याच रेघा.

मिक्सचा पट्टी पार आडवी होईपर्यंत ठोकला तेव्हा वेल्डच्या मधोमध फाटला. आत राखाडी, दाणेदार, मुळापर्यंत भरलेला. सीओटूचा फाटलाच नाही, पट्टीच वाकली. मग तो कटरनं आडवा कापून पॉलिश पेपर मारला तर वेल्ड खालच्या पट्टीत चांगला दीड मिमी उतरलेला दिसला. छर्रे मात्र खरंच उडाले, मिक्सवाल्या दादांचं म्हणणं पटलं. दाराच्या पातळ पाइपला मिक्सच छान बसला असता. पण मिक्सची टाकी मला इथे लगेच बदलून मिळत नाही, म्हणून सध्या सीओटू, ०.८ ची तार, आणि पातळ पाइपला तुकड्या-तुकड्यानं मारतो.

गोठ्याचं दार बसवलं. स्टँड नव्यानं केला, दाराची एक बिजागरी आणि स्टँडचा एक कोपरा आधी फोडून बघितला, मगच टाकी चढवली.

@बागायतदार_तासगाव, माझी आर्गनची टाकी अजून निम्मी आहे आणि या मशीनला लिफ्ट टिगची (सुई टेकवून उचलली की आर्क सुरू होतो) सोय आहे. टॉर्च शेजारच्या गावातून आणतो. रविवारी कॅन घेऊन या, पुढे गोठा दिसेल, निळं दार.

---

बागायतदार_तासगाव

येतो नक्की. येताना द्राक्षं आणतो. कॅन सोड्याच्या पाण्यानं धुऊन वाळवून आणू का? आणि माझ्याकडे २.४ चा टंगस्टन आहे, चालेल का?

---

जुना_फिटर

कॅनचा पत्रा पातळ आहे, १.६ चा घ्या, ४० अँपिअरच्या आसपास सुरू करा. धुऊन आणाच, आणि चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक ड्रिल मारून आणा, म्हणजे चीर पुढे धावणार नाही.